घरच्या टाकोमध्ये ताजेपणा आणायचे सोपे उपाय सांगा

पौडफाटा · शुक्रवार, रात्री १०:१२

घरच्या टाकोचा साचा ठरलेला असतो. तयार शेल, मसालेदार राजमा नाहीतर चिकन खिमा, वर किसलेलं चीज, मेयोनीज आणि बाटलीतला सॉस. पहिला टाको बरा लागतो, दुसऱ्यापासून कंटाळा येतो. सगळं मऊ, सगळं जड, सगळ्याची चव एकच.

आतलं सारण तेच ठेवून वरून काय घालता येईल? अटी अशा: १५-२० मिनिटांत व्हावं, सामान कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे किंवा फार तर मंडईत मिळावं, ॲव्होकॅडोवर सगळी भिस्त नको. शिवाय सॅलड घातलं की शेल ओलं होऊन हातातच फुटतं, त्याचंही काही सांगा. शाकाहारी-मांसाहारी दोन्ही चालेल.

लिंबूटिंबू · शुक्रवार, १०:२०

कांदा, कोथिंबीर, लिंबू. धागा संपला.

खलबत्ता · शुक्रवार, ११:०५

लिंबूटिंबूंनी एका ओळीत निकाल लावला, आणि तो बरोबरच आहे. मेक्सिकोत रस्त्यावरच्या टाकोवर बहुतेक वेळा तेवढंच असतं: बारीक कांदा, कोथिंबीर, एखादा साल्सा (म्हणजे तिथली चटणी) आणि लिंबाची फोड. किसलेलं पिवळं चीज, लेट्यूस, कुरकुरीत वाकवलेलं शेल ही सीमेपलीकडची अमेरिकन तऱ्हा. वाईट नाही, पण जडपणा तिथूनच येतो.

मात्र हे तीन पदार्थ कसेतरी टाकून भागत नाही.

कांदा: ३-४ मिलिमीटरचे तुकडे, धारदार सुरीने. बोथट सुरीने कांदा चेचला जातो आणि उग्र होतो. चॉपरच्या दोरीने तर त्याचा लगदाच होतो. चिरला की गार पाण्यात मिनिटभर हलवायचा, चाळणीत निथळायचा, फडक्यावर पसरायचा. फेब्रुवारीपासून पुढे अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या वेण्या मिळायला लागतात. तो मिळाला तर धुवायचीही गरज नाही, मुळातच गोडसर असतो. मेक्सिकोतही टाकोवर पांढराच कांदा जास्त दिसतो.

कोथिंबीर: मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात बुडवा आणि जुडी वर उचलून काढा. पाणी वरून ओतून दिलंत तर खाली बसलेली माती पुन्हा पानांवर येते. पावसाळ्यात असं तीन पाण्यांतून काढा. मग पूर्ण कोरडी करा, कारण ओली कोथिंबीर चिरली की काळी पडते आणि गोळा होते. कोवळे देठ फेकू नका, वास देठात जास्त असतो. कांदा आणि कोथिंबीर सारख्या मापाने घ्या, पण वाढायच्या वेळीच एकत्र करा.

लिंबू: इथे आपण नशीबवान. आपलं कागदी लिंबू आणि मेक्सिकन लिंबू एकाच जातीचं, त्यामुळे पर्याय शोधायची गरजच नाही. उभं मधोमध न कापता मधला दांडा सोडून बाजूच्या फोडी कापा. बिया कमी येतात आणि रस नीट पिळता येतो. सारणात शिजताना लिंबू पिळलं तर आंबटपणा उरतो, सुवास उडतो. ताटात आल्यावर पिळा.

पेठकर · शुक्रवार, ११:१८

कांदा धुवायचा? मग खायचा कशाला? चव सगळी मोरीत.

खलबत्ता · शुक्रवार, ११:२६

पेठकर, एक मिनिट म्हटलंय, दहा नव्हे. चिरलेल्या कडांवर जो गंधकाचा उग्र रस येतो तो तेवढ्यात निघून जातो, आतली चव राहते. दहा मिनिटं बुडवून ठेवला तर तुमचं म्हणणं खरं होईल.

पेठकर · शुक्रवार, ११:३१

ठीक. अंशतः मान्य. लिंबाबाबत आमच्याकडची पाटी: ‘फोड एकच मिळेल. दुसरी मागून अपमान करून घेऊ नये.’

कोकमआगळ · शनिवार, सकाळी ८:४०

कच्चा कांदा ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी मुरवलेला गुलाबी कांदा. एकदा केला की फ्रीजमध्ये दोन आठवडे टिकतो, म्हणजे १५ मिनिटांच्या अटीत आरामात बसतो.

दोन मध्यम लाल कांदे (साधारण २०० ग्रॅम), २ मिलिमीटर जाडीचे उभे काप. अर्धा कप पांढरं व्हिनेगर, अर्धा कप पाणी, १ चहाचा चमचा मीठ, दीड चमचा साखर. पाणी-व्हिनेगर उकळा, मीठ-साखर विरघळली की काचेच्या बरणीतल्या कांद्यावर गरमच ओता. बरणी आधी गरम पाण्याने शेकून घ्या, नाहीतर तडकेल. कांदा दाबून बुडवा. अर्ध्या तासात गुलाबी होतो, दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतो.

बिघडतं कुठे? काप जाड झाले तर आत कच्चे आणि उग्र राहतात. कांद्यासकट उकळलं तर मऊ पडतात, कुरकुरीतपणा गेला की मग घालून उपयोग काय? आणि ॲल्युमिनियमचं भांडं नको, आंबटामुळे धातूची चव उतरते.

झटपट हवं असेल तर व्हिनेगर नाहीच: तेवढ्याच कांद्याला पाऊण चमचा मीठ चोळा, पाच मिनिटांनी ३-४ लिंबांचा रस घाला, २० मिनिटं ठेवा. युकातान भागात हाच प्रकार आंबट संत्र्याच्या रसात करतात, सोबत हाबानेरो मिरची. हा मात्र दोन दिवसांत संपवावा.

आयडीला जागून तिसरा प्रकार: २ मोठे चमचे कोकमाचं आगळ, अर्धी वाटी पाणी, चिमूटभर साखर. आगळात मीठ असतंच, वरून घालू नका. माशांच्या टाकोवर हा कांदा व्हिनेगरवाल्याला मागे टाकतो.

बाणेरबाल्कनी · शनिवार, ९:१५

बाल्कनीतल्या कुंडीत पानओवा आहे का? जाड, लवदार, भजी करतो तो. ओरेगॅनोच्या पाकिटापेक्षा तो वापरा. मेक्सिकन ओरेगॅनो हा पिझ्झावरच्या ओरेगॅनोहून वेगळ्याच कुळातला, आणि पानओवा पिझ्झावाल्याच्याच कुळातला, पण वेगळी वनस्पती. पण वासात तिघांची नाळ जुळते, कारण सुगंधी द्रव्यं बरीचशी तीच आहेत. प्रमाण सांभाळा: चार टाकोंच्या साल्स्याला एकच मध्यम पान, गुंडाळी करून केसासारखं बारीक चिरून. दोन पानं घातलीत तर बाकी काहीच लागणार नाही.

तवागरम · शनिवार, ९:५०

शेल फुटण्याचं कारण ९० टक्के वेळा टोमॅटो. पिको दे गाय्यो, म्हणजे कच्च्या टोमॅटोचा साल्सा, असा करा:

टोमॅटो ३ (३०० ग्रॅम), अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे. अर्धा चमचा मीठ लावून चाळणीत १५ मिनिटं ठेवा. खाली चांगलं पाणी जमतं. हेच पाणी एरवी तुमच्या शेलमध्ये जात होतं. मग १ छोटा कांदा, बिया काढलेल्या २ हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, एका लिंबाचा रस. पुन्हा मीठ घालायच्या आधी चाखा.

टोमॅटोच्या बियांभोवतीचा बुळबुळीत भाग सगळा काढून टाकू नका, आंबटपणा तिथे आहे. काढायचं ते पाणी, आणि ते मीठच काढतं. जमलेलं पाणी राजम्यात ओता. लांबट, जाड सालीचे टोमॅटो तुकडे धरून ठेवतात पण चवीला फिके. गोल, खोबणीवाले गावरान चवीला उत्तम पण जास्त पाणी सोडतात, त्यांना २०-२५ मिनिटं द्या. आणि साल्सा फ्रीजमधून थेट टाकोवर नको, गारठलेल्या टोमॅटोला चव नसते.

मोगरा · शनिवार, १०:०२

टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू... ही कोशिंबीर आहे ना हो? दाण्याचं कूट घाला, वर हिंग-जिऱ्याची फोडणी, आणि ताटात डावीकडे वाढा.

पेठकर · शनिवार, १०:०५

+१. आणि शेलऐवजी पोळी.

खलबत्ता · शनिवार, १०:४०

मोगरा, हसण्यावारी नेऊ नका, दाण्याचा मुद्दा फुकट नाही. व्हेराक्रूझकडे साल्सा माचा करतात: सुक्या मिरच्या, शेंगदाणे, तीळ, लसूण तेलात तळून जाडसर वाटायचं. आपली सोलापुरी शेंगदाण्याची चटणी जरा तेलात भिजवली की बरीच जवळ जाते. पण ती खमंग होईल, ताजी नाही. धागाकर्त्यांना हवंय ते आंबट, कच्चं आणि कुरकुरीत. फोडणी घातलीत की तो सगळा डाव उलटतो, म्हणून कोशिंबीर टाकोत नको.

जाता जाता भाजका साल्सा सांगतो, याचा ताजेपणा वेगळा. लोखंडी तवा कोरडाच कडकडीत तापवा. ३ अख्खे टोमॅटो, जाड कापलेला १ कांदा, सालीसकट ४ लसूण पाकळ्या, २-३ हिरव्या मिरच्या. मिरचीला आधी सुरीचं टोक टोचा, नाहीतर फुटून डोळ्यात उडेल. लसूण ५-६ मिनिटांत काढा, जळला तर कडू होतो. टोमॅटोला १०-१२ मिनिटं लागतात, काळे डाग पडून साल सुटेपर्यंत. खलबत्त्यात आधी लसूण आणि अर्धा चमचा मीठ, त्याची पेस्ट झाली की मिरची, मग कांदा, शेवटी टोमॅटो फक्त चेचायचा. मीठ आधी का? खडे लसणाला घासून काढतात, नाहीतर पाकळ्या बत्त्याखालून सटकत राहतात. लिंबू आणि कोथिंबीर गार झाल्यावर.

मिक्सर वापरणार असाल तर गार होऊ द्या. गरम टोमॅटो बंद भांड्यात फिरवला की वाफ झाकण उडवते, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला साल्सा.

चिकूशेक · शनिवार, ११:१०

हा तर ठेचा!

खलबत्ता · शनिवार, ११:१४

टोमॅटो घातलेला ठेचा म्हणा हवं तर. पण तेल नाही आणि मिरची चवीपुरती. नुसता कोल्हापुरी ठेचा टाकोत घातला तर राजमा, चिकन, मका कशाचाच पत्ता लागत नाही.

विमाननगरी · शनिवार, ११:३०

सुक्या मिरचीचं कुणी बोललं नाही. बाहेरच्या सुक्या मिरच्या महाग आणि सगळीकडे मिळत नाहीत. बेडगी वापरा: रंग भरपूर, तिखट बेताचं. ५ बेडगी देठ-बिया काढून मंद तव्यावर २०-३० सेकंद, वास सुटला आणि जरा फुगली की उतरवा. काळी झाली तर टाकून द्या, तो कडूपणा कशानेच जात नाही. गरम पाण्यात २० मिनिटं भिजवून १ टोमॅटो, २ लसूण, मीठ घालून वाटा. तिखट हवं त्यांनी एक संकेश्वरी टाकावी. भिजवलेलं पाणी आधी चाखा, कडवट असेल तर वाटताना साधं पाणी घ्या.

कात्रजदूध · शनिवार, दुपारी १२:२०

मेयोनीज काढा आणि चक्का आणा. १ वाटी चक्का, २ मोठे चमचे साय, पाव चमचा मीठ, अर्ध्या लिंबाचा रस, लागेल तसं दूध. चमच्यातून सावकाश धार पडेल इतपत पातळ. साय गुठळ्या करते, म्हणून आधी एकटी फेटा. घट्ट चक्का तसाच थापला तर टाको पुन्हा जड. चक्का पाणी निथळलेलाच हवा. दही आणून दूध घालत बसलात तर पुन्हा शेल ओलं.

चीज हवंच असेल तर पनीर. १०० ग्रॅम ताजं पनीर हाताने चुरा, पाव चमचा मीठ लावा, फडक्यात गुंडाळून वजनाखाली अर्धा तास. मेक्सिकोतलं ताजं चीज साधारण याच जातीचं, वितळत नाही, वर भुरभुरायचं.

पौडफाटा · शनिवार, १२:४१

कात्रजदूध, चक्क्यात अननस चिरून घातला तर? आंबटगोड होईल ना.

कात्रजदूध · शनिवार, १२:५५

कच्चा अननस नको! त्यातलं ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि अर्ध्या तासात चक्का कडू होतो. हेच चिकनच्या मॅरिनेडचं: कच्च्या अननसाचा रस रात्रभर लावला तर वरचा थर पिठूळ होतो.

उपाय सोपा. उष्णतेने ते एन्झाइम निकामी होतं. अननसाच्या १ सेंटिमीटर जाडीच्या चकत्या तेल न लावता तव्यावर दोन्ही बाजूंनी ३-३ मिनिटं, तपकिरी डाग पडेपर्यंत. गार करून चिरा, मग चक्का काय नि पनीर काय, खुशाल घाला. टाकोवर अननस ही कुणाची गंमत नाही, अल पास्तोर, म्हणजे उभ्या सळईवर भाजलेल्या डुकराच्या मांसाच्या टाकोवर, तो असतोच. मेक्सिकोत आलेल्या लेबनीज लोकांच्या शवर्मावरून तो प्रकार तिथे रुजला.

मोगरा · शनिवार, १:१०

आणि एप्रिल-मेमध्ये कैरी. एक कैरी साल काढून काडीसारखी चिरायची, पाव चमचा मीठ, चिमूट साखर, तिखट. पाच मिनिटांत तयार. किसू नका, पाणी सुटतं.

घोळभाजी · शनिवार, दुपारी ३:०५

आयडीवरून कळलंच असेल मी कशाची वकिली करणार. घोळ! पावसाळ्यात मंडईत जुड्या असतात. मेक्सिकोत हीच भाजी टोमॅटिलोच्या (कागदी टरफलातलं, हिरव्या टोमॅटोसारखं आंबट फळ) हिरव्या साल्स्यात डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात. टाकोसाठी मात्र शिजवू नका. शेंड्याची कोवळी पानं आणि नाजूक देठ तोडून, चार पाण्यांत धुऊन, कच्चीच घाला. किंचित आंबट, किंचित खारट, दाताखाली करकर. एका टाकोला १०-१२ पानं. देठ जाड लालसर झाले असतील तर ते भाजीला ठेवा, टाकोत बुळबुळीत लागतात.

टोमॅटिलो इथे मिळत नाही, त्यासाठी कडक हिरवे टोमॅटो घ्या. पिकायला लागलेले नकोत, त्यांचा रंग मळकट येतो. पाव किलो टोमॅटो आणि २ मिरच्या पाण्यात ५-६ मिनिटं उकळा, रंग फिका झाला की काढा. गार झाल्यावर १ लसूण पाकळी, अर्धी जुडी कोथिंबीर, अर्धा चमचा मीठ, एका लिंबाचा रस घालून फिरवा. हिरवा टोमॅटो टोमॅटिलोपेक्षा तुरट असतो, म्हणून पाव चमचा साखर. हिवाळ्यात कागदी टरफलातली पिवळी रसभरी दिसली तर ४-५ त्यात टाका, ती टोमॅटिलोची सख्खी चुलत बहीण.

विमाननगरी · शनिवार, ३:२०

घोळ हा शोध भारी आहे. लेट्यूसच्या पाणचट पानांना शंभर टक्के पर्याय.

तवागरम · शनिवार, ३:४५

कुरकुरीतपणासाठी आणखी दोन.

मुळा: मेक्सिकोत छोटा लाल मुळा असतो, आपला लांब पांढरा चालतो. पानांकडचा वरचा अर्धा घ्या, तो सौम्य. टोकाकडचा तिखट आणि उग्र. कागदासारख्या चकत्या करून बर्फाच्या पाण्यात १० मिनिटं, मग पुसून.

कोबी: २ वाट्या अगदी बारीक चिरून, अर्धा चमचा मीठ चोळून १० मिनिटं, पिळून काढा, मग लिंबू. बाहा कॅलिफोर्नियाच्या माशांच्या टाकोवर कोबीच असतो. तळलेल्या बासाला किंवा सुरमईला तोच हवा. लिंबू लावलेला कोबी तासाभरात मरगळतो, म्हणून लिंबू अगदी शेवटी.

चिकूशेक · शनिवार, ४:१०

सिंहगडावरचं कणीस टाकोत घालता येईल का? लिंबू-तिखट-मीठ चोळलेलं.

तवागरम · शनिवार, ४:३२

येईल काय, घालाच. कणीस गॅसवर किंवा निखाऱ्यावर फिरवत भाजा, दाणे सुरीने उतरवा, लिंबू-मीठ-तिखट, चिरलेला पातीचा कांदा. देशी कणीस चिवट असेल तर भाजण्याआधी ५ मिनिटं उकळा. स्वीट कॉर्नचे सुटे दाणे असतील तर कोरड्या कडकडीत कढईत ४-५ मिनिटं न हलवता. अर्धवट झाकण ठेवा, दाणे फुटून उडतात. गोठवलेले दाणे आधी पूर्ण वितळवून पुसून घ्या, नाहीतर भाजण्याऐवजी वाफवले जातात.

हातसडी · शनिवार, सायंकाळी ६:१५

सगळे वरच्या मजल्याचं बोलताय, पाया कुणी बघत नाही. शेल शिळ्या तेलाच्या वासाचं असेल तर वर घोळ घाला नाहीतर सोनं. सगळ्यात मोठा फरक पडतो तो तव्यावरून उतरलेल्या मक्याच्या रोटीने.

सोपी पद्धत. १ वाटी बारीक मक्याचं पीठ (ताजं दळलेलं, जुनं कडवट होतं), पाव वाटी कणीक, अर्धा चमचा मीठ. १ वाटी पाणी उकळून त्यात १ चमचा तेल, गॅस बंद करून पीठ घाला, ढवळून झाकून १५ मिनिटं. भाकरीच्या उकडीसारखंच. मग गरम असतानाच तळव्याने रगडून मळा. चिरा पडत असतील तर ओल्या हाताने मळा, वरून पाणी ओतू नका. लिंबाएवढे गोळे, सुमारे ३० ग्रॅमचे. पुरीप्रेसमध्ये जाड प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये दाबा, १२-१३ सेंटिमीटर. तुळशीबागेत किंवा रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानांत प्रेस मिळतो. नसेल तर सपाट बुडाचं पातेलं दाबा. गरम तव्यावर एक बाजू ३० सेकंद, उलटून १ मिनिट, पुन्हा उलटून २० सेकंद. फुगली तर उत्तम. उतरवली की जाड फडक्यात एकावर एक. १० मिनिटं वाफेत राहिल्या की मऊ होतात आणि वाकवताना तुटत नाहीत. लगेच वाकवायला गेलात तर कडेला चीर जाणारच.

ही खरी टॉर्टिया (मेक्सिकोतली मक्याची रोटी) नव्हे, पण पाकिटातल्या शेलपेक्षा चव शंभर पावलं पुढे. खऱ्या टॉर्टियात मका चुन्याच्या पाण्यात शिजवलेला असतो, त्यामुळे कणकेविना कणीदार पीठ एकजीव होतं आणि तो खास वास येतो.

पेठकर · शनिवार, ६:३०

चुना? पानाला लावतो तो? टाको खायचा की विडा?

हातसडी · शनिवार, ६:५२

रसायन तेच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पण टपरीवरच्या डबीतला नको, त्यात काय मिसळलंय कळत नाही. खाण्यासाठी म्हणून छापलेलं पाकीट घ्या. भिंतीचा चुना तर अजिबात नाही.

एकदा करून बघायचं असेल तर: १ किलो सुका मका, ३ लिटर पाणी, १० ग्रॅम चुना. स्टीलचं पातेलं, ॲल्युमिनियम नको, चुना त्याला खातो. चुना आधी थोड्या पाण्यात कालवा, डोळ्यात-हातावर उडू देऊ नका. मंद उकळीवर ३०-४० मिनिटं, दाण्याची साल बोटाने सुटायला लागली की बंद. रात्रभर तसाच. सकाळी दोन-तीन पाण्यांत चोळून धुवा. सालं गेली पाहिजेत, पण दाण्याच्या मध्यभागी जरासा पांढरा कडकपणा राहिला तरच पीठ चांगलं होतं. पूर्ण मऊ शिजला तर चिकट लगदा होईल. मग इडलीच्या ग्राइंडरमध्ये अगदी कमी पाण्यात वाटा. गिरणीवाला ओला मका घेणार नाही, विचारूही नका. स्वीट कॉर्नवर हा प्रयोग करू नका, त्यात स्टार्च पुरेसा नसतो.

या प्रक्रियेने मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. मका युरोपात गेला पण ही पद्धत गेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या अभावाचा रोग, पसरला.

घोळभाजी · शनिवार, रात्री ८:२०

पायाचंच चाललंय तर घेवडा. राजम्याऐवजी कोरेगाव-साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा घ्या, भौगोलिक मानांकन मिळालेला. मेक्सिकोकडच्या पट्ट्यावाल्या पिंटो बीनसारखाच दिसतो, साल पातळ, लवकर शिजतो. ८ तास भिजवून कुकरला ३-४ शिट्ट्या. लसूण परतून त्यात घाला, अर्धा चेचा, अर्धा अख्खा ठेवा. पूर्ण लगदा केला की तोच मऊ-मऊ प्रकार.

लिंबूटिंबू · शनिवार, ८:४५

ॲव्होकॅडोवर कुणी काही बोलत नाही, आश्चर्य आहे.

विमाननगरी · शनिवार, ९:०५

भाव बघून सगळे गप्प. घ्यायचाच असेल तर: कडक फळ केळ्याबरोबर कागदी पिशवीत २-३ दिवस. देठाजवळ दाबल्यावर किंचित दबलं की तयार. आपल्याकडचं गुळगुळीत हिरव्या सालीचं फळ खरखरीत काळ्या सालीच्या हासपेक्षा पाणचट असतं. त्याचं ग्वाकामोले (चेचलेल्या ॲव्होकॅडोची चटणी) पातळ होतं, त्यात टोमॅटो घालूच नका आणि काट्याने जाडसर चेचा. काळं पडू नये म्हणून बी आत ठेवतात, त्याने काही होत नाही. लिंबू घाला आणि पृष्ठभागावर हवा न ठेवता प्लॅस्टिक चिकटवून झाका. आणि मटार वाटून ग्वाकामोले म्हणून वाढणाऱ्यांना माफी नाही.

पौडफाटा · शनिवार, ९:४०

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. पण यातलं काय एका संध्याकाळी करू? चार माणसं, १२ टाको, तयार शेल, राजमा. पनीर आहे. मंडईला जायला वेळ नाही.

खलबत्ता · शनिवार, १०:०५

मग सगळं करूच नका. तीनच गोष्टी: लिंबातला कांदा, निथळलेला टोमॅटो, आणि मुळा नाहीतर कोबी. चक्का वेळ उरला तर.

आधी कांदा मीठ-लिंबात घाला. लगेच टोमॅटो चिरून चाळणीत. पनीर चुरून वजनाखाली. कोथिंबीर धुऊन फडक्यावर. या चौघांचं काम आपोआप होत राहतं. तोवर राजमा गरम करा आणि सुका होऊ द्या, झाऱ्याने ओढला की कढईचं बूड दिसलं पाहिजे. शेल ओव्हनमध्ये १६० अंशांवर ५ मिनिटं किंवा मंद तव्यावर उपडी. हा भाग चुकवू नका, पाकिटातल्या शेलचा शिळा वास यानेच जातो. शेवटी मुळा-कोबी, कारण त्याला थांबायला आवडत नाही.

भरताना शेलच्या तळाला कोबीचे दोन-चार धागे, मग राजमा, टोमॅटो, कांदा, पनीर, सगळ्यात वर कोथिंबीर. कोबी खाली असला की ओलावा शेलपर्यंत उशिरा पोचतो. भरून ताटात मांडून ठेवू नका. वाट्या टेबलावर ठेवा, ज्याने त्याने आपला भरावा.

कात्रजदूध · शनिवार, १०:२०

असहमत. तळाला पनीर. कोबी लिंबू-मिठाचा असेल तर तो स्वतःच पाणी सोडतो.

खलबत्ता · शनिवार, १०:२८

तळाचा कोबी कोराच घ्यायचा, मीठ-लिंबू न लावलेला. पण पनीरही चालेल, फक्त दाबून कोरडं केलेलं.

पौडफाटा · शनिवार, १०:३३

बरं. आणि लिंबातला कांदा उरला तर सकाळी मिसळीवर चालेल का?

पेठकर · शनिवार, १०:३४

तर्रीवर आंबट कांदा? सदस्यत्व रद्द करा यांचं.

कोकमआगळ · शनिवार, १०:५०

पौडफाटा, खुशाल घाला, फक्त रस निथळून. आणि मिसळीवर मग वेगळं लिंबू पिळू नका.

पेठकर · शनिवार, १०:५२

फोड वाचली. चालेल.